वहीचं पान तुम्ही पुरावा म्हणून पाठवलंत

फोंड्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, सहामाहीत 78 टक्के. तिनं 'नीट' परीक्षा देऊन गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जावं ही त्यांची इच्छा. ती मात्र रात्री मॉर्गन्युकोडॉन या नामशेष प्राण्याबद्दल वाचत बसते. 'वीस कोटी वर्षांपूर्वीचा उंदीर! तो सस्तन होता की नाही हे शास्त्रज्ञांनाच ठरवता येत नाही. यात पोट कसं भरणार?' सोबत तिच्या वहीचं एक पान, वेळ वाया घालवल्याचा पुरावा म्हणून.

साहेब, मला 78 टक्क्यांची काळजी वाटत नाही. मामा काय म्हणाले, क्लासचे सर काय म्हणाले, सगळं पत्रात आहे. मुलगी काय म्हणाली, ते कुठेच नाही. तिनं घरात बोलणंच सोडलंय का? वह्या कपाटात बंद केल्यात म्हणता, त्या आजच परत द्या.

आता तो 'उंदीर'. तो उंदीर नव्हे. वेल्समध्ये सापडलेल्या दातावरून 1949 मध्ये वाल्टर क्यूने यांनी त्याला नाव दिलं. त्याच्या जबड्याला दोन सांधे होते: एक सरपटणाऱ्या प्राण्यांसारखा जुना, दुसरा आपल्यासारखा नवा. जुन्या सांध्याची हाडं पुढे सस्तनांच्या कानात गेली. नवा सांधा ही कसोटी धरली तर तो सस्तन. आजच्या सगळ्या सस्तनांचा शेवटचा समान पूर्वज आणि त्याचे वंशज एवढेच सस्तन म्हटले, तर तो उंबऱ्याबाहेर. हाडांबद्दल वाद नाही, रेघ कुठे ओढायची याचा आहे. याला अज्ञान म्हणू नका.

आणि ते पान मी दोनदा वाचलं. मध्य प्रदेशातल्या टिकी नावाच्या खडकांच्या थरातून मिळालेला टिकिथेरियम या प्राण्याचा एकच दात 2005 मध्ये ट्रायासिक काळातला, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुना म्हणून जाहीर झाला; 2024 मध्ये तो फार अलीकडच्या चिचुंद्रीचा असल्याचं मांडलं गेलं. खाली तिनं लिहिलंय, 'मग तो त्या थरात गेला कसा?' हा संशोधकाचा प्रश्न आहे, साहेब.

वाट सरळ आहे: जिऑलॉजीत बी.एस्सी., मग एम.एस्सी., पुढे यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा किंवा पीएच.डी. नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी तिच्यापासून लपवणार नाही. गोव्यातले बहुतेक खडक या प्राण्यांहून कितीतरी जुने. तिला गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडे, कोटा नावाच्या जीवाश्मांच्या थरापर्यंत जावं लागेल. सूक्ष्म जीवाश्मांचं काम मात्र दोनापावलच्या एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही चालतं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी ते वाचू नका.