वाचकांचे प्रश्न : परीक्षेची धास्ती आणि समाजमाध्यमे

प्रश्न : मी २४ वर्षांची असून पुण्यातील एका अभ्यासिकेत राज्यसेवा परीक्षेची तयारी करते. टेलिग्रामच्या गटांवर परीक्षेची तारीख, कटऑफ, पेपर पुढे ढकलल्याच्या अफवा असे काहीतरी सतत येत असते आणि इन्स्टाग्रामवर बरोबरच्यांच्या निवडीच्या पोस्ट दिसल्या की छातीत धडधडू लागते. अ‍ॅप काढून टाकते आणि पुन्हा घेते. आपल्या हातात काहीच राहिलेले नाही, असे वाटते. माझी इच्छाशक्तीच कमी पडते आहे का?

उत्तर : तुम्ही मोबाइलवर किती तास घालवता यापेक्षा ‘हातात काहीच राहिलेले नाही’ हे तुमचे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. जे घडते ते आपल्या प्रयत्नांमुळे घडते असे काहींना वाटते, तर ते नशिबावर किंवा इतरांच्या मर्जीवर ठरते असे काहींना वाटते. हा फरक मोजणारी प्रश्नावली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. दुसऱ्या प्रकारची धारणा आणि चिंता यांचा संबंध पुढे अनेक अभ्यासांत आढळला, परंतु त्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एवढ्यावरून ठरत नाही, कारण चिंताग्रस्त माणसालाही आपले हात बांधलेले आहेत असे वाटू लागते. शिवाय तुमची भावना सर्वस्वी चुकीचीही नाही. जागा किती निघतील, परीक्षा कधी होईल, हे आयोग आणि शासन ठरवते. तेव्हा ‘सकारात्मक विचार करा’ हा (फुकटचा) सल्ला मी देणार नाही.

आता इच्छाशक्तीविषयी. गटावरील ढीगभर निरुपयोगी संदेशांत मधूनच एखादी खरी सूचना असते आणि ती केव्हा येईल याचा नेम नसतो. अशा बेभरवशाच्या लाभाने जडलेली सवय सर्वांत चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून ठाऊक आहे, त्यामुळे ती सुटत नाही यावरून तुमचे मन दुबळे ठरत नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १४३ विद्यार्थ्यांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तुम्हाला उपयोगी पडेल. त्यातील एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर दिवसाला प्रत्येकी दहा मिनिटांपुरता ठेवला, तेव्हा त्यांचा एकटेपणा आणि नैराश्य कमी झाले. चिंता मात्र दोन्ही गटांत घटली, म्हणजे ज्यांनी वापर कमी न करता केवळ त्याची नोंद कळवली त्यांचीसुद्धा. स्वतःच्या वापराकडे लक्ष ठेवल्याचा हा परिणाम असावा, असे संशोधकांना वाटले. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये, परंतु करून पाहण्यात तोटा काहीच नाही.

म्हणून तूर्त अ‍ॅप काढू नका. फोनमधील स्क्रीन टाइमचा आकडा रोज रात्री वहीत लिहा, गट म्यूट करा आणि संध्याकाळची एक वेळ ठरवून त्या वेळी फक्त आयोगाचे अधिकृत संकेतस्थळ पाहा. खरी सूचना तिथे येतेच. निवडीच्या पोस्टचा त्रास यानेही थांबला नाही, तर ती खाती निकालाच्या काळापुरती म्यूट करण्यात असूया किंवा कमीपणा मानू नका. धडधड, झोप उडणे, जेवण न जाणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोला.

प्रश्न : आमचा १९ वर्षांचा मुलगा सतत रील्स पाहतो आणि अस्वस्थ असतो. फोन काढून घ्यावा का? – एक वडील, नाशिक

उत्तर : नको. सज्ञान मुलाच्या हातून आणखी एक निर्णय काढून घेतल्याने अस्वस्थता वाढण्याचीच शक्यता अधिक. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा नियम करायचा असेल तर तो घरातील सर्वांसाठी करा, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपसकट, आणि त्याची वेळ मुलाला ठरवू द्या.