पाच किलो काजूसाठी पण मालकालाच फोन!

प्रश्न : डिचोलीला आमचा काजूचा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. आता म्हापसा, पणजी, मडगावला दुकानं झाली, हॉटेलांना पण माल जातो. माणसं चाळीसच्या वर. पण सुपरवायझर आणि दुकानांच्या मॅनेजरचं पटत नाही, ऑर्डरी चुकतात आणि पाच किलो माल कुठे पाठवायचा हे पण मलाच विचारतात. कन्सल्टंटने जनरल मॅनेजर, एचआर सगळं घालून मोठा चार्ट काढून दिलाय. लागू करू का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : इतक्यात नको. आधी पंधरा दिवस खिशात एक वही ठेवा आणि तुमच्याकडे जे जे विचारायला येतं ते लिहून काढा, कोणी विचारलं आणि त्याला स्वतःला का ठरवता आलं नाही ते पण. समजा शुक्रवारचा म्हापशाचा बाजार भरलाय, दुकानात तीनशेवीस नंबरचा (नंबर म्हणजे काजूचा आकार) काजू संपला, कारखान्यात चार डबे आहेत पण ते हॉटेलचे म्हणून बाजूला ठेवलेत, मॅनेजर मागतो, सुपरवायझर देत नाही, आणि तुम्ही बँकेत बसलाय म्हणून फोन उचलत नाही. गिऱ्हाईक गेलं ना! यात दोघांची चूक नाहीये, डबे कोणाचे हे तुम्ही कधी ठरवूनच दिलं नाही.

माझं मत विचाराल तर दुकानं आणि हॉटेलं वेगळी करा. पाव किलोचं पाकीट घेणारा टुरिस्ट आणि महिन्याच्या उधारीवर माल उचलणारं हॉटेल, दोन्ही एकाच माणसाने बघायचं म्हणजे एकाचं काम राहणारच. अमेरिकेत ड्यूपॉन्ट नावाच्या कंपनीचं हेच झालं होतं. आधी स्फोटकं बनवायचे, पहिल्या महायुद्धाच्या वेळी रंगबिंग पण सुरू केले, पण कंपनीची रचना जुनीच, एकच सेल्स खातं सगळं विकणार, तोटा व्हायला लागला तेव्हा कुठे १९२१ मध्ये मालाप्रमाणे वेगळे विभाग केले. तुमच्याकडे एवढं मोठं काही नको, हॉटेलांसाठी एक माणूस आणि त्याचा वेगळा स्टॉक, बस.

मग हद्द लिहून द्या. किती किलोपर्यंत मॅनेजर स्वतः ठरवणार, किती सूट देणार, उधारी कोण मंजूर करणार, आकड्यासकट. आणि त्याने चुकीचं ठरवलं तरी गिऱ्हाइकासमोर ते फिरवू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून परत तुमचाच फोन वाजेल.

फ्रान्समध्ये हेन्री फेयॉल म्हणून खाण इंजिनिअर होता, खाण कंपनी कितीतरी वर्षं चालवली त्याने, १९१६ मध्ये लिहून गेला की एका माणसाला हुकूम एकाच साहेबाकडून यावा. घरच्या धंद्यात हे फार अवघड असतं हो. तुम्ही सांगता एक आणि वडील येताजाता पॅकिंगच्या बायकांना सांगतात दुसरं, त्या बिचाऱ्या कोणाचं ऐकणार?

बदल पावसात करा, जून-जुलैत, बियांची खरेदी संपलेली असते आणि टुरिस्ट कमी, गणेश चवथीच्या आत घडी बसेल. वडिलांशी मात्र सगळ्यात आधी बोला, माणसांसमोर नको, घरी. बी हातात घेऊन माल कसा आहे ते सांगणारा तुमच्याकडे दुसरा कोण आहे? खरेदी त्यांच्याकडेच द्या, कागदावर त्यांच्या नावाने लिहून, आणि त्यात तुम्ही पण मध्ये बोलू नका.