वाचकांचे प्रश्न : रस्त्यावरचं मीठ आणि गाडीचा रंग

प्रश्न : नमस्कार. आमच्याकडे बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर मीठ टाकून ठेवतात आणि चार दिवसांत माझी काळी गाडी पांढरी दिसायला लागते. सगळे म्हणतात मिठाने रंग जातो. खरंच जातो का? आणि एवढ्या थंडीत गाडी धुवायची की नाही, कारण काहीजण सांगतात धुतली की उलट जास्त गंजते.

उत्तर : मीठ बसलं की रंग उडतो ही भीती आधी काढून टाका. आताच्या बहुतेक गाड्यांवर सगळ्यात वर क्लिअर कोट असतो, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, पण तो शाबूत आहे तोवर मिठाचं पाणी खाली पत्र्यापर्यंत पोचत नाही. त्रास सुरू होतो तो जिथे खडा लागून टवका उडालाय तिथे, म्हणजे बॉनेटची पुढची कड, चाकाच्या मागचा भाग, दाराचा खालचा काठ. गंज चढतो तेव्हा लोखंडावर बारीक बारीक वीज वाहत असते, आणि मिठाचं पाणी विजेला साध्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगली वाट देतं, म्हणून सगळं भराभर होतं. आणि तो गंज टवक्यापुरता थांबत नाही, रंगाच्या खालून सरकत जातो, वरून रंग छान दिसतो आणि मग एक दिवस बारीक फुगे येतात. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर तो आधी स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, पण त्यालाही मर्यादा आहेच. ॲल्युमिनियमचं बॉनेट असेल तर लाल गंज येणार नाही पण रंगाखाली फुगे तिथेही येतात, त्यामुळे निर्धास्त राहू नका.

आता धुण्याचं. धुवायचीच. गंजते म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, कडाक्याच्या थंडीत गंजाचा वेग खरंच मंदावतो आणि ऊब मिळाली की वाढतो, पण म्हणून मीठ तसंच ठेवायचं हा त्यावरचा उपाय नाही, मीठ काढून टाकायचं. साध्या मिठाशिवाय रस्त्यावर कॅल्शियम क्लोराईड आणि मॅग्नेशियम क्लोराईडही वापरतात, साधं मीठ साधारण उणे ९ अंशांच्या खाली फारसं कामाचं राहत नाही म्हणून, आणि ही दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणजे गाडी वरून कोरडी वाटते पण मिठाचा थर आतून ओलाच असतो.

पारा शून्याच्या वर चार-पाच अंश गेला की तो दिवस पकडा, दुपारी धुवा म्हणजे रात्र व्हायच्या आत वाळते. रस्त्यावर मीठ पडत असेल तेव्हा दहा-पंधरा दिवसांतून एकदा तरी धुवायचीच, वादळानंतर मीठ जाड बसलं असेल तर त्याच्याही आधी. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, बाह्या, हातमोजे, कोरडं फडकं असलं काहीही त्या पांढऱ्या थरावर फिरवू नका!! त्यात मिठाचे कण आणि रस्त्याची बारीक वाळू असते, हात फिरवला की पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं आणि उन्हात उभी केली की गोल गोल ओरखडे दिसतात. आधी नुसत्या पाण्याने भरपूर धुऊन काढा, सुरुवात गाडीच्या खालच्या अंगापासून आणि चाकांच्या कमानींच्या आतून, मग गाडीचा शॅम्पू, दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी आणि दुसरीत नुसतं स्वच्छ पाणी, मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, दर वेळी आधी दुसरीत पिळायचा. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स उतरवतो. उकळतं पाणीही नको, गारठलेल्या काचेला तडा जाऊ शकतो, कोमट चालतं.

शेवटी दार उघडा आणि दाराच्या खालच्या दुमडीवरून बोट फिरवून बघा, बाहेरून गाडी चकाचक असली तरी तिथे करडा चिखल लागतो आणि तो सगळा मिठाचा असतो. तिथेच काठाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती पानं-मातीने बुजली की पाणी दारात साठतं आणि पत्रा आतून सडतो, जे बाहेर दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून ती भोकं मोकळी ठेवा, काठ कोरडा करा, आणि दाराच्या रबराला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा म्हणजे दार गोठून चिकटणार नाही. ऑटोमॅटिक वॉशला नेत असाल तर ब्रश नसलेलं निवडा आणि खालून पाणी मारणारा पर्याय असेल तर तो नक्की घ्या, शेवटचं पाणी ताजं आहे का तेही विचारा, कारण काही ठिकाणी पाणी फिरवून फिरवून वापरतात आणि ते नीट साफ केलेलं नसेल तर त्यात मीठ असू शकतं.

प्रश्न : वॅक्स, सीलंट की सिरॅमिक? थंडीसाठी नक्की काय करून घेऊ?

उत्तर : तिन्हींचं काम एकच, घाण आणि मीठ रंगाला घट्ट धरू नये आणि धुताना पटकन सुटावं. कार्नोबा वॅक्स सुंदर दिसतं पण मिठात ते दीड-दोन महिन्यांत उतरतं, म्हणजे एवढ्या थंडीत मध्ये पुन्हा लावावं लागतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने टिकतं, म्हणून घरच्या घरी करणार असाल तर माझं मत सीलंटला. सिरॅमिक काही वर्षं चालतं पण आधी रंग नीट तयार करावा लागतो. आणि हे लक्षात ठेवा की यातलं काहीही खड्याचा मार अडवत नाही, सिरॅमिकसुद्धा नाही, त्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाडसर पारदर्शक फिल्म, आणि ती पूर्ण गाडीला लावायची गरज नाही, बॉनेटची पुढची कड, बंपर, आरसे आणि मागच्या चाकापुढचा भाग एवढं केलं तरी खूप. काहीही लावायचं तर थंडी सुरू व्हायच्या आधी, पारा दहा अंशांच्या वर असताना, गाडी धुऊन, क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी, फिरवून, पूर्ण कोरडी करून. नाहीतर सगळी घाण आत बंद होते.

प्रश्न : ऐन थंडीत बॉनेटवर टवका दिसला, आत थोडं तांबूस आहे. टचअपची बाटली घरी आहे. आत्ताच लावू का?

उत्तर : उघड्यावर असाल तर नको, गार पत्र्यावर टचअप नीट धरत नाही आणि खाली ओलावा अडकला तर गंज तुम्ही स्वतःच झाकून ठेवल्यासारखं होईल. उबदार गॅरेज मिळत असेल तर मात्र आत्ताच करा, थांबू नका. टवका स्वच्छ धुऊन वाळू द्या, तांबूस भाग बारीक पॉलिश पेपरच्या टोकाने चमकता पत्रा दिसेपर्यंत हलक्या हाताने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग प्रायमरचा ठिपका, वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ थर, शेवटी क्लिअर. जाड थेंब सोडू नका, तो वर उठून दिसतो आणि आतून ओला राहतो. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, बाटली त्याच्याशी जुळते का बघून घ्या. गॅरेजची सोय नसेल तर टवका धुऊन पूर्ण वाळवा आणि वर थोडं वॅक्स दाबून ठेवा, दर धुण्यानंतर पुन्हा, आणि ऊन पडायला लागलं की पहिलं काम हेच.

प्रश्न : गाडीवर कव्हर घातलं तर मीठ लागणार नाही ना?

उत्तर : मीठ चालत्या गाडीला लागतं, उभ्या गाडीला फारसं नाही. मिठाने भरलेल्या गाडीवर कव्हर घातलं की ते वाऱ्याने हलतं आणि रंग घासतो, वर ओलावाही आत कोंडतो. धुतलेल्या, वाळलेल्या गाडीवरच घाला. आणि बर्फ काढताना फोमचा ब्रश वापरा, काचेची खरवडणी पत्र्याला लावू नका.

प्रश्न : गाडीच्या खाली काळं रबरी कोटिंग करून घेतलं तर पुन्हा बघायला नको असं सांगितलं जातं. करू का?

उत्तर : नव्या कोऱ्या, स्वच्छ गाडीवर केलं आणि ते अखंड राहिलं तर ठीक आहे, पण ते वाळून कडक होतं, मग तडकतं, आणि तडकलं की मिठाचं पाणी त्याच्या मागे जाऊन बसतं, धुऊनही निघत नाही आणि दिसतही नाही. त्यापेक्षा तेलाचं किंवा लॅनोलिनचं, म्हणजे लोकरीतल्या मेणचट पदार्थाचं, कोटिंग घ्या, ते कडक होत नाही, सांध्यांत झिरपतं, पण दरवर्षी थंडीच्या आधी पुन्हा करावं लागतं, आणि नंतर काही दिवस थोडं थेंबथेंब गळतं, तेवढं चालवून घ्या. करणाऱ्याला आधीच सांगा की दाराची आणि दाराखालच्या पट्टीची पाणी जायची भोकं बुजवायची नाहीत, आणि गाडी खाली उतरवायच्या आधी टॉर्च घेऊन स्वतः बघून घ्या.