नाचायला बोलावलं, होळीला सोडलं नाही

“सातपुड्याकडची मुलं वर्गात मिसळत नाहीत, कार्यक्रमांत भाग घेत नाहीत, सणाला गावी गेली की लवकर परतत नाहीत. त्यांना सामावून कसं घ्यायचं?” असं एका प्राध्यापकांनी विचारलं आहे. हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, आणि बहुतेक वेळा तळमळीनेच. म्हणून एका विद्यार्थ्याबद्दल लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगा नंदुरबारमधल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या पाड्यावरचा, भिल्ल. पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. ‘सहकार्य करत नाही, हजेरी कमी’ असा शेरा घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे आला. सुरुवातीला ‘हो मॅडम, नाही मॅडम’ यापलीकडे गाडी सरकेना. तुमच्याकडे होळी कशी असते, असं विचारलं आणि मग तो बोलतच राहिला.

वडील मोठ्या दुखण्यातून उठावेत म्हणून आईने नवस बोलला होता: मुलगा होळीत बुध्या, म्हणजे नवसाने नाचणारा, होईल. कमरेला घुंगरं आणि भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर ठिपके हे आपल्याला फोटोत दिसतं. त्यामागची पालनी, म्हणजे व्रताचे नियम, दिसत नाहीत. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, उपास धरायचा. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, तोवर रात्रभर ढोल चालू असतो. त्याने रजा मागितली, तर विभागाने सांगितलं, होळीची सुट्टी एकच दिवस, दुसऱ्या दिवशी अंतर्गत परीक्षा. आणि त्याच विभागाने महिनाभर आधी ‘ट्रॅडिशनल डे’ला त्याला मोरपिसं लावून स्टेजवर नाचायला सांगितलं होतं. तो नाही म्हणाला. ‘सहकार्य करत नाही’ हा शेरा त्या नकाराबद्दलच होता.

“मॅडम, तो ड्रेस नाही. नवस आहे,” एवढंच म्हणाला.

मला याचा राग आला, आजही येतो. मुलगा मिसळत नव्हता असं नाही. त्याच्याकडे जे मोलाचं होतं, ते फक्त करमणुकीपुरतं हवं होतं. त्याला धीट करण्याचे उपाय मी केले नाहीत. विभागप्रमुखांशी बोलले, समान संधी कक्षाकडे अर्ज केला. (असा कक्ष असावा, हे यूजीसीच्या नियमांत 2012 पासून आहे, नोटीस बोर्डावर त्याचं नाव तरी आहे का, ते जरूर पाहा.) परीक्षा नंतर घेतली गेली. तो गेला, नवस फेडून आला. वर्गात आजही फार बोलत नाही, पण प्रॅक्टिकलला पुढे उभा असतो.

तर सर, वेळापत्रक ठरवण्याआधी मुलांना त्यांचे सण विचारा. लडाखचा लोसार (नववर्षाचा सण), मिझोराम-नागालँडचा नाताळ बहुधा सेमिस्टर परीक्षांच्या आसपासच येतो, आणि त्या मुलांना घरी पोचायलाच दोन-तीन दिवस लागतात. स्टेजवर यायचं का, हे त्यांना ठरवू द्या. त्या विभागाच्या रजेच्या अर्जात आता ‘सण किंवा कुलाचार’ असा रकाना आहे, आणि मुलं तो भरतात.