इन्फ्लुएंझाने दाखल झालेल्या मुलाचा आजार किती वाढेल, हे आधी सांगता येतं का?

तुमची मुलगी दोन वर्षांची, काल दाखल केलंय, रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत आणि तरीही डॉक्टर ‘आत्ताच सांगता येणार नाही’ म्हणतात, म्हणून तुम्ही विचारलंय. मी मुलांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. हेच वाक्य मलाही आईवडिलांना सांगावं लागतं. ते टाळण्यासाठी नसतं. मोठ्यांचा न्यूमोनिया किती गंभीर आहे हे गुण देऊन ठरवणारी कर्ब-६५ नावाची मोजपट्टी आहे, पण त्यात वयाच्या पासष्टीलाच एक गुण; मुलांना ती लागू पडत नाही.

धोका कुणाला जास्त, हे माहीत आहे: दोन वर्षांखालची बाळं, त्यातही सहा महिन्यांखालची, दमा, जन्मजात हृदयविकार, फिट्स किंवा मेंदूचा जुना आजार असलेली मुलं. पण अमेरिकेत इन्फ्लुएंझाने दगावणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्मी आधी धडधाकट असतात. म्हणून नुसत्या यादीवर मी विसंबत नाही.

मी सगळ्यात जास्त पाहते तो श्वास, आणि तोही पुन्हापुन्हा. ताप उतरलेला असताना, मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजायचा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असेल तर तो जलद. बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का, मूल कण्हतंय का? एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. धाप लागलेल्या मुलाचा श्वास एकदम मंदावला आणि ते निपचित पडलं, तर ते सुधारलेलं नसतं, दमलेलं असतं.

दुसरी खूण म्हणजे ताप उतरल्यावरचं मूल. तुमच्याकडे बघते, पाणी मागते, चिडचिड करते, तर मला बरं वाटतं. उठवूनही नीट जागी होत नसेल, भलतंच बडबडत असेल, झटका आला, तर मेंदूवर परिणाम झालाय का ते लगेच बघावं लागतं.

ताप जाऊन दोन दिवसांनी पुन्हा चढला तर स्टॅफिलोकोकस किंवा न्यूमोकोकससारख्या जिवाणूंची शंका येते. ऑसेल्टामिविर हे इन्फ्लुएंझाच्या विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी, पण दाखल झालेल्या मुलाला उशीर झाला तरी देतात.

बहुतेक मुलं काही दिवसांत घरी जातात. तोवर रात्री तीन वाजता जरी तिचा श्वास तुम्हाला वेगळा वाटला, तरी संकोच न करता नर्सला हाक मारा.