वाचकांचे प्रश्न : वाळवंटातले नाट्य

प्रश्न : वाळवंटात घडणाऱ्या चित्रपटांचे कौतुक होते ते बहुधा छायाचित्रणासाठी. पण जिथे वाळू आणि आकाश यांखेरीज डोळ्यांना काही नाही, तिथे तीन-तीन तास टिकणारे नाट्य नेमके कशातून उभे राहते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुख्यतः पाण्यातून आणि त्याखालोखाल अंतरातून. डेव्हिड लीन यांच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) या चित्रपटातला विहिरीचा प्रसंग आठवून पाहावा. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात गेलेला इंग्रज अधिकारी लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या पाणी काढत असताना क्षितिजावर मृगजळात एक काळा ठिपका थरथरू लागतो, आणि तो ठिपका उंटावर बसलेला माणूस आहे हे कळेपर्यंत लीन आपल्याला थांबायला लावतात. छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी या दृश्यासाठी मुद्दाम लांब पल्ल्याचे भिंग वापरले होते. उंटस्वार शरीफ अली पोहोचण्यापूर्वीच वाटाड्याला गोळी घालतो, कारण विहीर अलीच्या टोळीची असते आणि वाटाड्या दुसऱ्या टोळीचा असतो. विहिरीवरचा हक्क म्हणजे जगण्याचा हक्क, ही त्या मुलखातली मूळ गोष्ट कोणत्याही भाषणाशिवाय आपल्यापर्यंत पोहोचते. दृश्य देखणे आहे यात शंका नाही, परंतु ते लक्षात राहते ते वाट पाहायला लावल्यामुळे.

जपानी दिग्दर्शक हिरोशी तेशिगाहारा यांचा ‘वूमन इन द ड्यून्स’ (१९६४) हीच गोष्ट अगदी लहान जागेत करून दाखवतो. कोबो आबे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटातली वाळू समुद्रकाठची आहे, म्हणजे काटेकोर अर्थाने हे वाळवंट नव्हे. तरीही या विषयावर बोलताना तो वगळावा असे मला वाटत नाही. कीटकांचा शोध घेत आलेल्या शिक्षकाला गावकरी वाळूच्या खोल खड्ड्यातल्या एका विधवेच्या घरात अडकवतात, आणि रोज रात्री वाळू उपसण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते. उपसा थांबला की वरून येणारे पाणी थांबते. तुरुंगाला कुलूप लागत नाही, ते यामुळे. २०२४ साली प्रदर्शित झालेल्या ब्लेसी यांच्या ‘आडुजीवितम्’ या मल्याळम् चित्रपटात तर भिंतही नाही. आखातात नोकरीसाठी गेलेला नजीब शेळ्या-मेंढ्यांच्या गोठ्यावर राबवला जातो, आणि मालकाच्या बंदुकीइतकाच त्याला अडवून ठेवतो तो चहूबाजूंनी पसरलेला रखरखाट. बेन्यामिन यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट केरळातला असला, तरी ज्या कोकणातून कित्येक घरांतली माणसे आखातात गेली, तिथल्या प्रेक्षकाला तो परका वाटणार नाही.

प्रश्न : हिंदी चित्रपटांत राजस्थानचे वाळवंट केवळ गाण्यांपुरते येते, असे माझे मत आहे. ते चुकीचे आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुतांश चित्रपटांपुरते बरोबर आहे, परंतु काही अपवाद विचारात घेण्याजोगे आहेत. सुनील दत्त यांच्या ‘रेश्मा और शेरा’मध्ये (१९७१) दोन घराण्यांतले पिढीजात वैर आहे, आणि बापाच्या हुकमावरून बंदूक चालवणारा मुका धाकटा भाऊ अमिताभ बच्चन यांनी साकारला आहे. त्याच वर्षी आलेला ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘दो बूंद पानी’ राजस्थानातल्या पाण्याच्या टंचाईवरच रचलेला आहे. दोन्हींचे संगीत जयदेव यांचे, हा योगायोग सुखद आहे.

‘रुदाली’बद्दल (१९९३), म्हणजे पैसे घेऊन परक्यांच्या मयतीवर रडणाऱ्या बाईच्या चित्रपटाबद्दल, मात्र माझ्या मनात थोडी शंका आहे. महाश्वेता देवींची मूळ कथा वाळवंटातली नाही. कल्पना लाजमी यांनी ती राजस्थानात नेली. डिंपल कापडिया यांचा अभिनय निर्विवाद असला, तरी रडू न येणारी बाई आणि पाऊस न पडणारी जमीन ही जोडी जरा जास्तच सोयीची वाटते, आणि मूळ कथेतला जातीचा व उपजीविकेचा करकरीत हिशेब वाळूच्या सौंदर्याखाली काहीसा दबतो.

याउलट गुलजार यांच्या ‘लेकिन’मध्ये (१९९१) कथा वाळवंटात नेणे पूर्णपणे साधले आहे. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘क्षुधित पाषाण’ या कथेचे बीज घेऊन गुलजार यांनी भूतरूपात भटकणारी अशी रेवा उभी केली, की जी वाळवंट ओलांडू न शकल्यामुळे काळाच्या एका क्षणात अडकून पडली आहे. वाळू काढून टाकली तर इथे कथाच उरत नाही, आणि ‘गाण्यांपुरते’ या आक्षेपाला हेच खरे उत्तर आहे. कारण या चित्रपटात गाणी भरपूर असूनही ती वाळवंटाची सजावट करत नाहीत. मांड या राजस्थानी गानप्रकाराच्या सुरावटींतून हृदयनाथ मंगेशकर यांनी बांधलेल्या संगीतातून रेवाचे अडकलेपण ऐकू येते. त्यांना, गायिका लता मंगेशकर यांना आणि गीतकार गुलजार यांना या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. वेशभूषेचा पुरस्कार कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळाला, याची आठवण मराठी माणसेही फारशी ठेवत नाहीत.

प्रश्न : हे चित्रपट मोबाइलवर पाहिले तर चालतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ‘लॉरेन्स’ नको. तो ७० मिलिमीटरच्या पडद्यासाठी चित्रित झालेला आहे. वर सांगितलेला ठिपका हाताएवढ्या पडद्यावर दिसतच नाही, आणि ठिपका दिसला नाही तर वाट पाहण्याला अर्थ राहत नाही. मोठा पडदा मिळेपर्यंत नाजी अबू नुवार यांचा ‘थीब’ (२०१४) पाहावा. त्याचाही काळ १९१६ सालचा, म्हणजे लॉरेन्सच्याच युद्धाचा आहे, आणि चित्रीकरणही जॉर्डनच्या त्याच वादी रम परिसरात झालेले आहे. परंतु इथे इंग्रज अधिकारी नायक नाही. एका बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब टोळीतल्या, मुलाच्या घरी अवेळी येऊन ठेपलेला तो पाहुणा आहे. बहुतेक भूमिका तिथल्याच बेदुईन लोकांनी केल्या असून कॅमेरा मुख्यतः त्या मुलाच्या जवळ राहतो, त्यामुळे लहान पडद्यावर त्याचे फारसे नुकसान होत नाही. दोन्ही पाहायचे असतील, तर ‘थीब’ आधी पाहावा.