ऑनलाइन लिलावात घेतलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या फुटून येतात. विक्रेत्याला पॅकिंगचं नेमकं काय सांगावं?

तुम्ही लिहिलंय, सहा तबकड्या घेतल्या, दोन फुटून आल्या आणि विक्रेता म्हणतोय की बबल तर लावलं होतं. लावलंही असेल हो त्याने. नुसत्या बबलने ही तबकडी वाचत नाही, एवढंच.

लिलावातली माझी पहिली तबकडी इथे नाशिकला आली ती साडीच्या खोक्यातून. हिराबाई बडोदेकरांची. खोका शाबूत, वर लाल अक्षरांत 'काच सामान', आत तीन तुकडे. फोन केला तर गृहस्थ म्हणतात, "ताई, कव्हरला तर काहीच झालेलं नाही ना?" तेही खरंच होतं. ते कव्हर अजून आहे माझ्याकडे, रिकामं.

आधी हे समजून घ्या की ७८ची तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही जुनी ग्रामोफोनची तबकडी, म्हणजे एलपी (नंतरची लाँग प्ले तबकडी) नव्हे. एलपी विनाइलची, थोडी वाकते आणि सावरते. ७८ची म्हणजे बांगड्यांना वापरतात ती लाख, दगडाची पूड आणि काजळी. ती वाकत नाही, तडकते. विकणाऱ्याला बहुधा हे ठाऊकच नसतं. तो आज पितळी समई विकतो, उद्या तबकडी, परवा कंदील. शिवाय लिलाव शंभर रुपयांपासून सुरू केलेला असतो, टपालखर्च आधीच ठरवून लिहिलेला असतो, म्हणजे खोका आणि पुठ्ठा त्याच्याच खिशातून जाणार. मग तो घरात पडलेलं काहीतरी वापरतो.

म्हणून बोली लावायच्या आधी बोला. बोली लागल्यावर तुम्ही अडकलेले असता, तो मोकळा. मी सरळ विचारते: पॅकिंगचे शंभर-दीडशे वेगळे देते, मी सांगते तसं बांधाल का? उत्तर टाळलं की मी तो लिलाव सोडते, तबकडी कितीही दुर्मीळ असली तरी. (एकदा नाही सोडला. पस्तावले.)

बांधायचं कसं, हे मला शिकवलं दिरांनी. त्यांची पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबाग आहे, माल बोटीने युरोपला जातो. माझे तीन तुकडे बघून म्हणाले, "वहिनी, घड पेटीत हलला तर मणी गळतात आणि झाकणाखाली दाबला तर फुटतात. दोन्ही नको." तबकडीचंही तेच. खोक्यात ती हलता कामा नये आणि बाहेरचा दाब थेट तिच्यावर येताही कामा नये.

आता मी विक्रेत्याला जे लिहून पाठवते ते सांगते. तबकडी बहुधा १० इंची असते, तर पुठ्ठे १२ इंची चौकोनी कापा, म्हणजे कोपरा आपटला तरी मार पुठ्ठ्याला बसतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन पुठ्ठे, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एकाच्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. नळ्या एकाच दिशेला असल्या तर दोन पुठ्ठेसुद्धा एकदम मुडपतात. चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्याला लावा, जुन्या कागदी कव्हराला नको. एकापेक्षा जास्त तबकड्या असतील तर प्रत्येक दोघींमध्ये एक पुठ्ठा. अल्बममध्ये, म्हणजे तबकड्या ठेवायच्या पाकिटांच्या वहीत, ठेवून तर मुळीच पाठवू नका. मग हा गठ्ठा बबलमध्ये गुंडाळून पाच प्लायच्या (पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या) खोक्यात, चारी बाजूंनी, वर आणि खाली दोन-दोन इंच भर घालून. भर म्हणजे चुरगळलेला कागद, घट्ट. शेवटी खोका कानाशी धरून हलवा. आवाज आला तर पुन्हा उघडा.

चपट्या पाकिटातून पाठवतो म्हणणाऱ्याला हात जोडा. आणि 'नाजूक' असं लिहिण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. गोणीच्या तळाशी पडलेल्या खोक्यावरचं वाचणार कोण?

एलपीचं थोडक्यात: ती फुटत नाही, पण कव्हराच्या आत घसरत घसरत कव्हराची शिवण फाडते. म्हणून तबकडी कव्हराबाहेर काढून, आतल्या कागदासकट कव्हराच्या मागे ठेवायला सांगा. एप्रिल-मेमध्ये दोन्ही प्रकार मागवू नका, कुरिअरच्या तापलेल्या गाडीत वेड्यावाकड्या होतात.

पार्सल आलं की बंद खोक्यापासून सलग व्हिडिओ काढा, मध्ये थांबवू नका. पैसे परत मागताना तोच उपयोगी पडतो. फुटलेल्या तबकडीइतकेच पॅकिंगचेही फोटो ठेवा.

दिसायला अखंड असली तरी तबकडी तपासा. माठ घेताना टिचकी मारतो ना, तसंच. मधल्या भोकात बोट घालून लटकवा आणि पेराने हलकेच वाजवा. चांगली असेल तर खणखणते. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, उजेडात तिरकी धरून शोधा. चीर धारेपासून थोडीच आत असली तर तबकडी वाजते, फक्त सुई प्रत्येक फेऱ्याला 'टक' करते, मिनिटाला ७८ वेळा. माझ्याकडे तशी एक आहे. ती लावली की सासूबाई उठून आतल्या खोलीत जातात.